सेल्फ टक् करतोय, फिरत नाही

आमच्या गावात ‘स्टार्टर जळाला’ म्हटलं की माणसं नदीकाठच्या मोटारीच्या पेटीकडं धावतात. स्टार्टर म्हणजे ती हिरव्या-लाल बटणाची लोखंडी पेटी, दुसरं काही नाही. गाडीचं इंजिन फिरवून चालू करणारी छोटी मोटार असते तो ‘सेल्फ’. त्यामुळं गेल्या वर्षी मृगाच्या आठवड्यात पुतण्या दुकानात येऊन म्हणाला, “काका, बोटीचा स्टार्टर मेलाय,” तेव्हा मी आधी विचारलं, “बोटीला कुठली पेटी बसवलीस रे?”

माझा धंदा मोटारी भरायचा. बेळगाव जिल्ह्यातल्या यडूरच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी दुकान आहे. पाच हॉर्सपॉवरची, साडेसातची, बोअरची, कुठलीही जळकी मोटार आणा, वायंडिंग काढून नवी भरून देतो. पंचवीस वर्षं तेच करतोय. बोटीच्या इंजिनाला मात्र तोवर हात लावला नव्हता.

बोट मंडळाची. 2019 च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी चिकोडी, रायबाग, अथणीच्या काठावर काढला, त्यांना बोट कशाला हे सांगायची गरज नाही. आमच्या आज्याच्या काळी पुरात गुळाच्या काहिलीतून माणसं पलीकडं न्यायचे, पण आता काहील तरी कुणाच्या घरी राहिलीय? 2021 ला पाणी परत चढलं तसं पोरांनी वर्गणी काढली आणि मालवणच्या बाजूनं जुनी फायबरची बोट, तिच्यावर 40 हॉर्सपॉवरचं जपानी टू-स्ट्रोक इंजिन, असा जोड आणला. किनाऱ्यावरची माणसं त्या इंजिनाला ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागं बाहेरून लटकवायची. वय वीसेक वर्षं, आणि ती सगळी खाऱ्या पाण्यात गेलेली. दर पावसाळ्यात कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडच्या रानात जायला, जनावरांचं वैरण आणायला तीच बोट.

तर किल्ली फिरवली की ‘टक्’ व्हायचं. इंजिन हलायचं नाही.

मी झाकण काढून तारा बघितल्या आणि खरं सांगतो, हायसं वाटलं. आपल्या पंपाच्या पेटीसारखंच सगळं. पेटीत हिरवं बटण दाबलं की बारीक करंट नोव्होल्ट कॉइलला जातो, कॉइल पट्टी ओढते, पट्टीचे जाड पॉइंट चिकटतात आणि मोटारीला खरा करंट मिळतो. इथं हिरव्या बटणाच्या जागी किल्ली, पेटीच्या जागी मुठीएवढा रिले. बारीक वाट अशी: बॅटरी, 20 अँपिअरचा फ्यूज, किल्ली, गिअर न्यूट्रलला असेल तरच जुळणारा एक स्विच आणि शेवटी रिलेची कॉइल. जाड वाट अशी: बॅटरीचा प्लस, रिलेचे पॉइंट, सेल्फ, सेल्फच्या अंगातून इंजिनाचं अॅल्युमिनियम आणि तिथून काळ्या जाड तारेनं परत बॅटरीचा मायनस.

टक् वाजतंय म्हणजे रिले ओढतोय. म्हणजे फ्यूज, किल्ली, न्यूट्रलचा स्विच, सगळी बारीक वाट ठीक. काहीच वाजलं नसतं तर तिकडं शोधलं असतं. आता दोष जाड वाटेत. इथपर्यंत मी पाच मिनिटांत आलो. पुढचे तीन दिवस कसे गेले ते सांगतो.

तात्या, म्हणजे माझे चुलते, बांधावर बसून बघत होते. त्यांचं निदान आधीच झालेलं. “आरं बॅटरी उतरलीया. नवी बशीव की.”

मीटर लावला, 12.4 दाखवत होता. पूर्ण भरलेली 12.6 दाखवते, म्हणजे ही काही अगदी उतरलेली नव्हती. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर होता, तो खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुतला, घासला. टक्. तेव्हा पोरांनाही घाई, मलाही घाई, आणि तात्या तर जवळच बसलेले. चिकोडीहून 6,800 रुपयांची नवी बॅटरी आणली. टक्. मग पुतण्यानं ट्रॅक्टरची काढून आणली, ती बोटीच्याच तारांना जोडली. तीच टक्. हा ट्रॅक्टरचा प्रयोग आधी केला असता तर 6,800 वाचले असते, हे मला बायकोनं त्या रात्री दोनदा सांगितलं.

दुसरी शंका, इंजिनच जाम असेल तर सेल्फ बिचारा काय करणार? दोन्ही प्लग काढले. इंजिन बंद करायच्या बटणाची लाल दोरी असते ना मनगटाला बांधायची, तिची क्लिप ओढून ठेवली, प्लगच्या टोप्या अंगाला अर्थ केल्या आणि पेट्रोलची टाकी उचलून लांब ठेवली. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तिथं ठिणगी नको. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या जड चाकाला, दोरी गुंडाळून ओढली. झर्रकन फिरलं. इंजिन मोकळं होतं.

तिसरी शंका रिलेची. आत पॉइंट जळले असतील तर टक् वाजूनही करंट पुढं जात नाही, पेटीत हे मी शेकडो वेळा बघितलंय. बाहेरच्या दोन जाड नटांवर जुना स्क्रूड्रायव्हर आडवा धरला. निळी ठिणगी उडाली, स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला खड्डा पडला, सेल्फ ‘उंऽऽ’ करून दोन बोटं सरकला आणि थांबला. म्हणजे रिले सोडून थेट करंट दिला तरी तेच, तेव्हा रिले सुटला. (हा प्रकार टाकी जवळ असताना किंवा झाकण नुकतंच उघडलेलं असताना कुणी करू नका. मी अर्धा तास वारा लागू दिला होता.)

राहिला सेल्फ. आणि इथं माझा धंदा आडवा आला. मोटार भरणाऱ्याला मोटार उघडायला निमित्तच पाहिजे असतं.

सेल्फ वीतभर लांब, मनगटाएवढा जाड. तीन बोल्ट आणि एक तार काढली की हातात. आत मिठाचा पांढरा भुगा. आर्मेचरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा, कम्युटेटर काळाकुट्ट, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटी कार्बनच्या भुकटीनं भरलेल्या, त्याला टेकून करंट देणारे कार्बन झिजून अर्ध्यावर आलेले. मला वाटलं, सापडला चोर! लेथवाल्याकडं न जाता बारीक पॉलिश पेपर गुंडाळून कम्युटेटर हातानं फिरवत चकचकीत केला. हॅक्सॉच्या मोडक्या पात्यानं फटी कोरल्या.

कार्बनचं एक सांगून ठेवतो, कारण दुकानात येणारी पोरं मिक्सरचे कार्बन घासून कुठंही बसवतात. मिक्सरचा कार्बन काळा, नुसता ग्रॅफाइटचा. सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं, उजेडात धरला तर तांबूस दिसतो, हातालाही जड लागतो. 12 व्होल्टवर शंभर-शंभर अँपिअर ओढायचे तर कार्बनचा स्वतःचा अडथळा जवळजवळ नसावा लागतो. तिथं मिक्सरचा घातला तर फिरेल, पण रडत फिरेल. मी चिकोडीतून गाडीच्या सेल्फचे आणले आणि कानशीनं घासून मापाला केले.

बसवताना एक स्प्रिंग उडाली ती गवतात. तासभर तिघं गुडघ्यावर. शेवटी पुतण्यानं स्पीकरचं चुंबक आणलं तेव्हा सापडली. आर्मेचर आत घालताना चारही कार्बन मागं दाबून धरायला चार हात लागतात, मला दोनच आहेत. म्हणून प्रत्येक कार्बनच्या पुढं वायंडिंगच्या तारेचा एकेक आकडा अडकवला, कम्युटेटर जागेवर बसवला आणि मग आकडे एकेक करून ओढून घेतले. टिक, टिक, टिक, टिक, चारही कार्बन बसले. त्या क्षणी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकणाऱ्या पिनियनला, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला, पंपाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीसही चोपडलं, आपलं समाधान म्हणून. हे ग्रीस लक्षात ठेवा.

सेल्फ व्हाइसमध्ये आवळून ट्रॅक्टरच्या बॅटरीला थेट लावला. असा ओरडला की अख्खं टेबल हललं. आनंदानं नेऊन बसवला, किल्ली फिरवली.

टक्.

तात्या म्हणाले, “मंग बॅटरीच आसंल.”

तिसऱ्या दिवशी चिकोडीला दुसऱ्या कामानं गेलो होतो, सोबत रिले खिशात. तिथं ट्रॅक्टर-ट्रकचं वायरिंग करणारा एक वायरमन आहे. त्याला सगळी कथा सांगितली. त्यानं रिले हातात घेतलाही नाही. बिडी विझवत विचारलं, “सावकार, वोल्टेज कसं बघितलं?”

“मीटरनं. सेल्फपर्यंत बारा-साडेबारा येतंय.”

“किल्ली सोडून?”

“मग?”

तो हसला. “लोड म्याल नोडरी.” लोडवर बघा. आणि पुढं मोडक्या मराठीत, “काळी पिन कुठं लावली? बॅटरीला न्हवं का? तिकडनं काढा. इंजिनला लावा.”

परत येताना अंकलीच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन मी दोन मिनिटं थांबलो. बोटांवर हिशेब केला. पाच हॉर्सपॉवरची पंपाची मोटार थ्री फेजवर सात-आठ अँपिअर घेते. तिच्या वाटेत पाच व्होल्ट कुठं गळाले तरी चारशे पंधरातले पाच, कुणाला कळतही नाही. हा वीतभर सेल्फ शंभराच्या आसपास घेतो. वाटेत नुसता 0.05 ओहमचा अडथळा असला की शंभर गुणिले 0.05, पाच व्होल्ट गेले. बारातले पाच! आणि 0.05 ओहम माझ्या मीटरला दिसतच नाही, त्याच्या पिनाच एकमेकींना टेकवल्या तरी तो 0.3 दाखवतो. शिवाय किल्ली सोडलेली असताना करंट वाहत नाही, करंट नाही तर गळतीही नाही. तारेत एक धागा शिल्लक असला तरी मीटर बिनधास्त 12.5 दाखवणार. मी तीन दिवस मोकळी बैलगाडी ढकलून बघत होतो आणि म्हणत होतो, चाकं ठीक आहेत.

त्या संध्याकाळी प्लग काढलेलेच ठेवले, पुतण्याला किल्लीवर बसवला. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदच, मध्ये सेल्फ गार व्हायला वेळ. “मार!” म्हटलं की त्यानं किल्ली फिरवायची आणि मी आकडा वाचायचा.

बॅटरीच्या दोन टोकांवर: 12.5 वरून 11.3. चांगली आहे, दहाच्या खाली जात नाही.

बॅटरीचा प्लस ते सेल्फचा नट: 0.3. लाल वाट चोख. अर्ध्या व्होल्टच्या आत असलं की मी सोडून देतो.

बॅटरीचा मायनस ते इंजिनाचं अॅल्युमिनियम: 5.6.

पुतण्याला म्हटलं, “परत मार.” परत 5.6. दोन्ही टोकं ‘अर्थ’ म्हणायची, मध्ये शून्य असायला पाहिजे आणि तिथं साडेपाच व्होल्ट उभे! 11.3 मधून 5.6 आणि 0.3 वजा केले तर सेल्फच्या वाट्याला 5.4 उरत होते. अर्ध्याहून कमी. तो फिरणार कसा?

आणि मग सगळं आठवत गेलं. नवी बॅटरी लावली तेव्हा ती काळी तार मध्ये होती. ट्रॅक्टरची लावली तीही त्याच तारेला. स्क्रूड्रायव्हर आडवा धरला तेव्हा परतीची वाट तीच. फक्त व्हाइसमध्ये सेल्फ थेट लावला तेव्हा ती नव्हती, आणि तेव्हाच तो ओरडला. उत्तर माझ्या टेबलावर हलत होतं आणि मी ग्रीस चोपडत होतो.

कापायच्या आधी खात्री केली. ट्रॅक्टरची जंपर केबल घेतली, एक चिमटा इंजिनाच्या अंगाला, दुसरा बॅटरीच्या मायनसला, म्हणजे काळ्या तारेला समांतर दुसरी वाट. किल्ली फिरवली आणि घुर्र-घुर्र-घुर्र, फ्लायव्हील भिरभिरलं. तात्या बांधावरून उठून जवळ आले.

काळी तार बाहेरून काय सुंदर होती! रबर शाबूत, लग म्हणजे टोकाची नटात बसणारी कडी जागेवर, नट आवळलेला. पण इंजिनाकडच्या लगपासून चार बोटांवर दाबली तर मऊ लागली. खोडकिड्यानं पोखरलेलं उसाचं कांडं कसं बाहेरून हिरवं दिसतं आणि दाबलं की आत भुसा, तसं. ब्लेडनं उभी चिरली. आत हिरवी पूड, काळं पडलेलं तांबं, आणि लाल चमकणारे धागे मोजून सहा. समुद्राचं पाणी लगच्या तोंडातून शिरून धाग्या-धाग्यांमधून वर चढत गेलेलं, वातीत तेल चढतं तसं. ते तिथं वर्षानुवर्षं बसून खात होतं. मालवणचं मीठ, आणि पावती फाटली कृष्णेकाठी.

नवी तार म्हणून 25 स्क्वेअर एमएमची वेल्डिंगची केबल घेतली. बारीक धाग्यांची असते, वळते छान. समुद्रावर कथिल चढवलेलं तांबंच लागतं, आमच्या गोड्या पाण्याला एवढं चालतं. लग दाबायचं यंत्र दुकानात होतंच. तोंडावर आतून चिकट लागणारी हीटश्रिंक नळी, इंजिनाच्या अंगावरचा रंग काचपेपरनं पांढऱ्या धातूपर्यंत घासला, दातेरी वायसर, नट आवळून वरून व्हॅसलीन. परत मोजलं: 0.1.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण चार वेळा किल्ली फिरवली की एकदा नुसतं ‘घुईंऽऽ’. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन ढिम्म. ते ग्रीस!

पिनियन आट्यांच्या दांड्यावर सैल बसलेलं असतं. सेल्फ एकदम फिरतो, पिनियन जडपणानं मागं राहतं, म्हणून आट्यांवरून वर चढतं आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरतं. बोल्ट झटक्यानं फिरवला की वरचा सैल नट आपोआप चढतो, तसंच. मी घट्ट ग्रीस घालून तो नट बोल्टला चिकटवून ठेवला होता, वर त्यात वाळूही बसली होती. दोघं सोबत फिरत होते, चढणार कोण? रॉकेलनं धुतलं, कोरडं केलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. त्यानंतर एकदाही चुकलं नाही.

एक तपासणी राहिली होती. बारीक वाट ठीक आहे असं पहिल्या दिवशी नुसत्या टक् वरून मानलं होतं. प्लग काढून, पंख्याजवळ कुणी नाही बघून, गिअर पुढं टाकला आणि किल्ली फिरवली. फिरायला नको होतं. फिरलं! गिअरमध्ये असताना इंजिन चालू झालं तर बोट एकदम उडी मारते, उभा माणूस पाण्यात, खाली पंखा. कंट्रोलचा डबा उघडला तर न्यूट्रलच्या स्विचच्या दोन तारा कुणीतरी पिळून एकत्र करून वर टेप मारलेला. स्विच मेला असणार आणि आधीच्या कुणीतरी असा ‘उपाय’ केलेला. पुरात आम्ही म्हाताऱ्या माणसांना त्याच बोटीत चढवत होतो. नवा स्विच कोल्हापुरातून मागवून बसवला, गिअर टाकल्यावर किल्ली मुकी झाली, तेव्हाच झाकण लावलं.

मग 200 लिटरच्या निळ्या पिंपात पाणी भरून इंजिन त्यात उतरवलं. पाण्याबाहेर चालवलं तर आतल्या पंपाचा रबरी इंपेलर जळतो, त्यामुळं पंख्याच्या वरची पट्टी बुडेपर्यंत पाणी. पेट्रोल 50 ला 1 टू-टी तेल. किल्ली, घुर्र, आणि पेटलं. गल्लीभर निळा धूर. पुतण्या मागून ओरडला, “काका, मुततंय, मुततंय!” थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार मागच्या भोकातून पडत होती.

जुलैत वरच्या अंगाच्या, शिरोळकडच्या राजापूर बंधाऱ्यावरून पाणी सुटल्याचे मेसेज फिरायला लागले तेव्हा बोट नदीत होती. जुनी बॅटरी अजून तीच चालतीय. नवी तात्यांच्या ट्रॅक्टरवर आहे, “बघ, मी म्हणत न्हवतो का बॅटरी घे म्हणून,” म्हणत घेऊन गेले. 6,800 अजून आलेले नाहीत.